सोमवारचं गुलाबी पाणी

बोहुमिला शेस्ताकोवाला कोणी चुकून ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली, तर ती मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून. आमच्या संस्थेत दारावरच्या प्रत्येक पाटीवर नावाच्या आधी दोन-तीन पदव्या असायच्या. तिच्या दारावर नुसतंच ‘प्रयोगशाळा १४’ होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तसं ती दाखवायची तरी.

मी स्लावेक. तळमजल्यावरची उंदरांची खोली सव्वीस वर्षं माझ्या ताब्यात होती. वरचे लोक जे काही बनवायचे ते शेवटी माझ्या उंदरांपर्यंत यायचं, त्यामुळे कोणाचं डोकं कितपत चालतं ते मला खाली बसून कळायचं. मिलाची, म्हणजे या बोहुमिलाची, आणि माझी ओळख कँटीनमधली. दोघांनाही शेपू घातलेलं अळंबीचं सूप आवडायचं आणि दोघांनाही साहेबलोकांच्या टेबलावर बसायचा कंटाळा.

ती डोंगराळ भागातल्या एका खेड्यातली. शाळेत रसायनशास्त्रात पहिली. पण एकोणसत्तर साली तिचा थोरला भाऊ सीमा ओलांडून व्हिएन्नाला पळाला. त्या साम्यवादी राजवटीत घरातला एक पळाला की मागे राहिलेल्यांच्या कागदांवर शिक्का बसायचा. विद्यापीठाकडे तिने तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नकार आला. तिसऱ्या वेळी तर तिच्या आईने पाकीट न उघडताच चुलीत टाकलं. मग मिला प्रागला आली आणि आमच्याकडे काचेची भांडी धुवायला लागली. धुता धुता भरायला शिकली, भरता भरता मोजायला, आणि दहा वर्षांत अशी झाली की मोठमोठे संशोधक आपला अडलेला प्रयोग घेऊन तिच्या दारात उभे राहायचे. लग्न झालं होतं. नवरा एकदा कामासाठी ब्रनोला गेला आणि तिथेच राहिला. ती सांगायची, “रेल्वे वेळेवर होती, माणूसच परत आला नाही.”

एकोणनव्वद साली ते राज्य बदललं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. आमचे विभागप्रमुख हेयदुक साहेब तिला म्हणाले, “शेस्ताकोवाबाई, आता तरी जा. पदवी घेऊन या.”

“साहेब, मी गेले तर तुमच्या साखळ्या कोण विणणार?”

या साखळ्या हाच आमच्या विभागाचा सगळा संसार. कर्करोगावरचं एक जुनं औषध आहे, डाळिंबाच्या रसासारखं लाल. गाठ मारतं, पण वाटेत हृदयालाही चावतं, केस घालवतं, तोंड सोलून काढतं. हेयदुक साहेबांचं म्हणणं, ते मोकळं सोडायचंच नाही. रेणूंची एक लांबलचक साखळी बनवायची, म्हणजे पॉलिमर. पाण्यात विरघळणारी, शरीराला न टोचणारी. तिच्यावर औषध नाजूक कड्यांनी अडकवायचं. एवढी मोठी साखळी धडधाकट रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईत वाढलेल्या, फटी असलेल्या. तिथून साखळी आत झिरपते आणि साचते. गाठीच्या आत आंबटपणा जास्त. कडी अशी करायची की ती आंबटात उघडेल आणि रक्तात बंद राहील. शिवाय त्याच साखळीवर, वेगळ्या आणि पक्क्या कडीने, एक चकाकणारा रंग जोडायचा. उंदराला अंधाऱ्या पेटीत ठेवून कॅमेरा लावला की साखळी कुठे पोचली ते कातडीतून उजेडासारखं दिसतं.

ही औषधाची कडी ब्राबेत्सने शोधली होती. डॉक्टर ब्राबेत्स तेव्हा चौतिशीचा, चार वर्षं जर्मनीत राहून आलेला, हुशार आणि ते पुरेपूर ठाऊक असलेला. दोन हजार एक साली त्याच्या कडीची पहिली पावडर मिलाने बनवली आणि ती माझ्या उंदरांना टोचली. दुसऱ्या दिवशी पेटीत बघतो तर प्रत्येक उंदराच्या कुशीत, बरोबर गाठीच्या जागी, दिवा लावावा तसा उजेड! साहेबांनी मला मिठी मारली. ब्राबेत्सने सगळ्यांना बिअर पाजली.

पण गाठी काही कमी होईनात.

पुन्हा केलं. पुन्हा उजेड, पुन्हा गाठ तशीच. ब्राबेत्स म्हणाला, कडी फार घट्ट आहे, उघडतच नाही. त्याने आणखी सैल कडी केली. मिलाने तीही घालून दिली. उजेड अगदी सुरेख, गाठ पहिल्यापेक्षा मोठी, आणि माझे उंदीर आजारी. असं दीड वर्ष चाललं. शेवटी साहेबांनी बैठकीत सांगून टाकलं की नाताळपर्यंत काही दिसलं नाही तर हे काम बंद, सगळे दुसऱ्या विषयाकडे वळा. ब्राबेत्स तिथेच सगळ्यांसमोर म्हणाला, “कागदावर सगळं बरोबर आहे. आता बनवणाऱ्या हातांतच काही असेल तर मी काय करणार?”

मिला कोपऱ्यात बसून नोंदी घेत होती. तिने मान वर केली नाही. पण तिची पेन्सिल थांबलेली मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ती नुसतीच सूप ढवळत बसली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी आपलं माझ्या खोलीतलं काहीबाही सांगत होतो. बोलता बोलता म्हणालो, “एक गंमत सांगू? हे तुझे साखळीवाले उंदीर आहेत ना, ते अगदी त्या दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांसारखे सुकतायत. ज्यांना नुसतं लाल औषध देतो त्यांच्यासारखे. तसंच वजन उतरतं, तशीच पाठ वाकते. माझ्या नकळत कोणी पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या तर मला ओळखता येणार नाही.”

तिने चमचा खाली ठेवला. “परत बोल.”

“काय परत बोल? सुकतात म्हटलं.”

“नुसत्या औषधासारखे?”

“हुबेहूब.”

“अरे स्लावेक, म्हणजे कडी घट्ट नाहीये. औषध सुटून सगळीकडे फिरतंय. गाठीपाशी पोचते ती रिकामी साखळी. रंग पक्क्या कडीवर आहे, म्हणून उजेड दिसतो. औषध आधीच अंगभर सांडलंय, गाठीच्या वाट्याला पुरेसं येतच नाही!”

“ते मला नको सांगू. मी फक्त उंदीर बघतो.”

“दीड वर्षांत हे एकदाही का नाही बोललास?”

“मला विचारलं कोणी? मी वजनं लिहून वर पाठवतो. वर कोण वाचतं?”

ती सूप तसंच टाकून उठली आणि पाच मिनिटांत एक शाळकरी वही घेऊन आली. मिलाला जलरंगांचा नाद होता. साखळ्या बनवून झाल्या की त्या एका पातळ पडद्याच्या नळीत भरतात, दोन्ही टोकं सॉसेजसारखी बांधतात आणि ती नळी पाण्याच्या मोठ्या भांड्यात सोडून ठेवतात. साखळी मोठी, ती आत राहते. कडीला न लागलेलं सुटं औषध बारीक, ते पडद्यातून बाहेर पाण्यात येतं आणि पाणी गुलाबी होतं. ते पाणी रोज बदलायचं. मिला रोज पाण्याचा रंग बघून वहीत तेवढ्याच गडद रंगाचा एक चौकोन रंगवायची. कोणी सांगितलं नव्हतं. सवय.

“हे बघ. बुधवार, गडद गुलाबी. गुरुवार, फिका. शुक्रवार, जवळजवळ पांढरा. म्हणजे सुटं औषध संपलं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग सोमवार?”

सोमवारचा चौकोन गुरुवारपेक्षा गडद होता. तिने पान उलटलं. त्या आठवड्याचा सोमवारही तसाच. दीड वर्षाचे सगळे सोमवार गुलाबी.

शुक्रवारी दुपारी दोन वाजले की प्रागमध्ये जिवंत माणूस कामावर सापडत नाही. सगळे आपापल्या गावाकडच्या लाकडी घरांकडे पळतात, कोणी गवत कापायला, कोणी अळंबी गोळा करायला. शुक्रवारी शेवटचं पाणी बदलायचं, नळी तशीच सोडायची आणि सोमवारी येऊन काढायची, ही पद्धत मिलाच्याही आधीपासूनची. सोमवारचा गुलाबी रंग बघून सगळे म्हणायचे, राहिलेलं थोडं सुटं औषध आलं असेल, बरंच झालं, निघून गेलं.

ती वही घेऊन तडक ब्राबेत्सकडे गेली. मी दाराबाहेर उंदरांचे तक्ते हातात घेऊन उभा होतो.

“डॉक्टर, पाण्यात ठेवल्यावरच कड्या उघडतायत.”

“शुद्ध पाण्यात? बाई, कडी आंबटात उघडते. शुद्ध पाणी आंबट नसतं, हे शाळेतली मुलंसुद्धा सांगतील.”

“मग सोमवारी पाणी लाल का होतं?”

“कारण आधीच्या दिवसांत तुम्ही नीट धुतलेलं नसतं. हे बघा, धुणं तुम्ही सांभाळा, विचार मी करतो.”

ती बाहेर आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “वाटून घेतलं म्हणजे काम निम्मं होतं म्हणे. त्याच्या वाटणीचं काही झालेलं दिसत नाही.”

त्या शुक्रवारी ती घरी गेली नाही. म्हणजे झोपायला गेली, पण शनिवारी सकाळी पहिल्या ट्रामने परत आली, रविवारीही आली. दर दोन तासांनी भांड्यातलं थोडं पाणी काढायची, रंग बघायची, आंबटपणा मोजायच्या यंत्रात घालायची. मी उंदरांना दाणे घालायला आलो तेव्हा माझ्यासाठी तिने गाळ बसलेली काळी कॉफी तयार ठेवली होती. यंत्राचा आकडा दाखवत म्हणाली, “सात असायला पाहिजे. पाच पूर्णांक सहा आहे, म्हणजे आंबट.”

“यंत्र बिघडलं असेल.”

“दुसऱ्या विभागातून दुसरं आणलं. पाच पूर्णांक सहा. मग मी आत्ता ताजं पाणी उकळलं, झाकून गार केलं, तेही मोजलं. जवळजवळ सात.” ती स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण चेहरा असा की जणू तिच्या नावाचं पत्र आलंय. “पाणी आपण सोमवारी गाळतो, स्लावेक. मोठ्या कॅनमध्ये भरतो. ते आठवडाभर तिथे पडून राहतं. हवेतला वायू त्यात विरघळतो. आपल्या झऱ्याच्या बुडबुड्यांच्या पाण्याला जी चव असते ना, तीच, फक्त जिभेला कळणार नाही इतकी. ब्राबेत्सच्या कडीला मात्र कळते. एका दिवसात काही होत नाही. तीन दिवस बुडवून ठेवली की उघडते. सुटलेल्या औषधातलं थोडं पाण्यात येतं, बाकीचं साखळीलाच चिकटून नळीत राहतं. म्हणून पावडर वाळवल्यावर लालच दिसते, मोजली तर औषध पुरेपूर भरतं. टोचली की सगळं मोकळं!”

“आणि त्याने कडी आणखी सैल केली.”

“म्हणून तुझे उंदीर आणखी आजारी पडले.”

सोमवारी ती ब्राबेत्सकडे गेलीच नाही. सरळ हेयदुक साहेबांच्या टेबलावर वही, आकड्यांचा कागद आणि माझे वजनांचे तक्ते ठेवले. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, पानं उलटली. मग ब्राबेत्सला बोलावलं.

ब्राबेत्स वहीकडे बघून हसला. “साहेब, रंगवलेले चौकोन? आपण नाताळच्या आधी रंगकाम करणार आहोत का?”

साहेब म्हणाले, “तुमच्याकडे याहून चांगलं काही आहे?”

“शेस्ताकोवाबाई, तुम्हाला काय पाहिजे?”

“एकच घाणा, साहेब. ब्राबेत्स डॉक्टरांची पहिलीच कडी, सैल नाही. अर्धा नेहमीच्या पाण्यात ठेवते. अर्धा उकळलेल्या पाण्यात, आंबटपणा चढू नये म्हणून चिमूटभर क्षार घालून, झाकण लावून. दोन्ही पावडरी स्लावेककडे. कोणती कुठली ते फक्त तुम्हाला माहीत असेल. मलाही नको, यांनाही नको.”

तिने पहिल्यांदाच साहेबांना अट घातली होती. साहेबांनी मान डोलावली.

माझ्याकडे दोन बाटल्या आल्या, निळ्या बुचाची आणि हिरव्या बुचाची. दोन्हींतली पावडर सारखीच लाल. प्रत्येकी दहा उंदीर. दुसऱ्या दिवशी पेटीत दोन्हीकडे सारखाच उजेड. ब्राबेत्स म्हणाला, “बघा, काही फरक नाही.” पाचव्या दिवशी निळ्या बुचाचे उंदीर सुकायला लागले. हिरवे खात होते, चाकावर पळत होते, एक तर मला चावला. माझ्या आयुष्यात उंदीर चावल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

बाराव्या दिवशी मी हिरव्यांच्या गाठी मोजल्या. मोजपट्टी दोनदा पुसली आणि पुन्हा मोजल्या. मग वर फोन केला. उंदरांच्या खोलीत बाहेरचे जोडे चालत नाहीत आणि घालायच्या सपाता संपल्या होत्या, म्हणून हेयदुक साहेब नुसत्या मोज्यांवर धावत आले. एका मोज्यातून अंगठा बाहेर. मागे मिला, तिच्या मागे ब्राबेत्स.

“निम्म्या झाल्यात,” मी म्हणालो. “सगळ्यांच्या.”

चाळिसाव्या दिवशी दहापैकी आठ हिरव्या उंदरांना गाठ उरलीच नव्हती. बोट फिरवलं तरी लागत नव्हती. साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. हिरवं म्हणजे उकळलेलं पाणी.

साहेबांनी मिलाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ती म्हणाली, “साहेब, सोडा, मला पुढचा घाणा लावायचाय,” आणि मग तिनेच साहेबांचा हात घट्ट धरला. तीसेक वर्षांपूर्वी तिच्या आईने चुलीत टाकलेल्या पाकिटाबद्दल तिने मला त्याच दुपारी सांगितलं. त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

ब्राबेत्स दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा नंबरच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायचा धीर होईना.

“शेस्ताकोवाबाई, मी गाढव आहे.”

“आमच्याकडे गाढवांची सोय नाही, डॉक्टर. खाली फक्त उंदीर ठेवतात.”

तो हसला, लाल झाला, आणि म्हणाला, “मला पाणी उकळायला शिकवाल?”

त्याचं एक मात्र मानलं पाहिजे. निबंध छापायला जायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतः लेखकांच्या यादीत तिचं नाव दुसरं घातलं. वरून कोणीतरी हरकत घेतली की तंत्रज्ञांचे आभार शेवटी मानायचे असतात, नाव वर येत नाही. ब्राबेत्स म्हणाला, “मग माझंही काढा.” नाव राहिलं. तिने तो अंक व्हिएन्नाला भावाला पाठवला. त्याने फोनवर विचारलं, “मिलुश, यात तू कुठे आहेस?” ती म्हणाली, “वाचता येतं ना? पहिल्या पानावर!”

त्यानंतर विभागात नियमच झाला. नवीन येणाऱ्या प्रत्येक संशोधकाने पहिला महिना प्रयोगशाळा चौदामध्ये काढायचा. अमेरिकेहून आलेला असो की जपानहून, आधी मिलाच्या हाताखाली भांडी. माझ्या खोलीतही लोक यायला लागले, “स्लावेक, तुम्हाला काय वाटतं?” असं विचारत. वजनांचे तक्ते आता बैठकीत मोठ्याने वाचले जायचे.

उंदरांपासून माणसांपर्यंत पोचायला सहा वर्षं गेली. परवानग्या, डुकरांवरच्या चाचण्या, पुन्हा परवानग्या. चकाकणारा रंग माणसाच्या जाड शरीरातून दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी दवाखान्याच्या मोठ्या कॅमेऱ्याला दिसणारी दुसरी खूण साखळीवर बसवली. पहिल्या खेपेला बारा रुग्ण घेतले, सगळे असे ज्यांच्यावर बाकीचे उपाय करून झाले होते. दुसऱ्या दिवशीच पडद्यावर कळायचं, औषध गाठीत साचलंय की नाही. तिघांच्या गाठींत ते साचलंच नाही, त्यांना थांबवून दुसरं काही द्यावं लागलं, आणि त्यांतले दोघं पुढे वारले. मिलाने त्या दोघांची नावं मागून घेतली होती. ती कुठे ठेवली ते मला माहीत नाही. उरलेल्या नऊ जणांच्या गाठी आकसल्या, काहींच्या थोड्या, काहींच्या खूप.

खूप आकसलेल्यांत एक ब्लाझेना होती, प्रागच्या झिश्कोव्ह भागात केस कापणारी, बावन्न वर्षांची, बोलायला फाटक्या तोंडाची. तिच्या यकृतात पाच गाठी होत्या. सात महिन्यांनी चार दिसेनाशा झाल्या आणि पाचवी वाटाण्याएवढी उरली. डॉक्टरांनी तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “ही लाल पावडर बनवतं कोण? मला त्या माणसाकडे घेऊन चला.”

ती आली ती कातऱ्यांची पेटी घेऊनच. चौदा नंबरमध्ये शिरली, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, “यातली बोहुमिला कुठली?”

“मी.”

ब्लाझेनाने डोक्याला गुंडाळलेला रुमाल ओढून काढला. खाली भरगच्च तांबूस केस, खांद्यापर्यंत. “ओढून बघा. बघा, ओढा! मागच्या वेळच्या औषधाने माझी डोई अंड्यासारखी झाली होती. गिऱ्हाइकं म्हणायची, हिच्या हातात आपले केस कसे द्यायचे? या वेळी एक केस गेला नाही.”

मिलाने हात पुढे केला, पण ओढले नाहीत. नुसती बोटं फिरवली, हळू, पडद्याच्या नळीला लावायची तशी.

“आणि तुमचं हे काय आहे?” ब्लाझेना तिच्या डोक्याकडे बघून म्हणाली. “हे कोणी कापलंय?”

“मीच. आरशात बघून.”

“तरीच! बसा खाली.”

तिने मिलाला फिरत्या स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती प्रयोगशाळेचा पांढरा कोट गुंडाळला आणि कातरी चालवायला लागली. बातमी पसरली आणि कॉरिडॉरमध्ये रांग लागली. ब्राबेत्स रांगेत होता, दोन जपानी मुली होत्या, मी होतो. हेयदुक साहेबही निवृत्त झालेले असून त्या दिवशी आले होते, तेही उभे राहिले. ब्लाझेनाने त्यांच्या चकचकीत टकलाकडे पाहिलं आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही उगाच ताटकळताय.”

मिला इतकी हसली की ब्लाझेनाला कातरी थांबवावी लागली. “हलू नका हो, कान जाईल!” ती ओरडली, “मग त्यावर तुमची पावडरही चालणार नाही!”